चकतीचे फेरे

२००८ चा मे महिना. चाळीसगावला मामांच्या वाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्याच्या दुकानात मी विजेच्या मीटरची चकती मोजत बसलो होतो. जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची पातळ चकती आडवी फिरायची आणि तिच्या कडेला एक लाल खूण असायची. खूण काचेसमोरून गेली की एक फेरा. आमच्या मीटरवर छापलं होतं, १२०० फेऱ्यांना एक युनिट. मामा मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरून उभे होते आणि मी मोठ्याने फेरे म्हणत होतो. मिनिटाला पंधरा. तासाला नऊशे. म्हणजे पाऊण युनिट, साडेसातशे वॅट.

एवढी वीज यंत्र खात होतं. आता ते देतं किती, ते बघायचं होतं.

यंत्र मामांनी चार महिने खपून बांधलं होतं. एक एचपीची मोटार, तिच्या पुलीवरून पट्टा जुन्या ऑइल इंजिनाच्या चाकावर. चाक भंगारातून किलोच्या भावाने आणलेलं, बिडाचं, दोघांनी मिळून उचलावं लागे. चाकावरून दुसरा पट्टा तीन केव्हीएच्या अल्टरनेटरवर, म्हणजे वीज तयार करणाऱ्या यंत्रावर. अल्टरनेटरच्या वायरी टेबलावरच्या दीड एचपीच्या पंपाच्या मोटारीला. ती नुकतीच भरून झाली होती आणि पंपाला न जोडता नुसती रिकामी फिरत होती. मामांनी प्रवाह मोजणाऱ्या टॉन्ग टेस्टरचा जबडा एका वायरीभोवती अडकवला. पाच अँपिअर. व्होल्ट दोनशे तीस. मी गुणाकार केला. अकराशे पन्नास.

साडेसातशे घालून अकराशे पन्नास. दीडपट.

मामा ओरडले नाहीत, नाचले नाहीत. त्यांनी फडक्याला हात पुसले, कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान उलटून कोऱ्या बाजूवर दोन्ही आकडे लिहिले, खाली तारीख घातली आणि स्टुलावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "बंद कर आता, पट्टा तापेल." मग पोराला हाक मारून दोन चहा सांगितले. त्या चहाची चव मला आजही आठवते. आलं जास्त पडलं होतं त्यात.

त्यांनी हे यंत्र का बांधलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या वर्षांत आमच्या भागात लोडशेडिंग बारा-बारा तास चालायचं. शेतीची थ्री-फेज लाईट आठवड्यातले काही दिवस फक्त रात्री यायची. माणसं रात्री दोनला उठून, बॅटरी आणि काठी घेऊन, विंचू-सापाच्या वाटेने विहिरीवर जायची. लाईट आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू व्हायच्या, व्होल्टेज पडायचं आणि मोटारी जळायच्या. जळालेली मोटार सकाळी मामांच्या दुकानात. एक शेतकरी एकाच हंगामात तीनदा तीच मोटार घेऊन आला होता. तिसऱ्या खेपेला त्याने ती मोटरसायकलवरून उतरवली, जमिनीवर ठेवली आणि तिच्याशेजारीच उकिडवा बसून राहिला. बोलला काहीच नाही. मामांनी त्या दिवशी मजुरी घेतली नाही. लोडशेडिंगवर मामांचं दुकान चालत होतं आणि मामा लोडशेडिंग संपवणारं यंत्र बांधत होते. स्वतःच्या धंद्याच्या मुळावर येणारी गोष्ट ते रात्री जागून घडवत होते. त्यांच्याइतका निर्मळ शोधक मी नंतर पाहिला नाही.

मी तेव्हा इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. पुस्तकातलं ठाऊक होतं, ऊर्जा निर्माण होत नाही, तिचं फक्त रूप बदलतं. पण चहा पिताना ते पुस्तक मला नको होतं. माझ्या मामांनी केलं असेल, असं मला मनापासून वाटत होतं. रात्री गच्चीवर झोप लागेना. आकडे डोक्यात फिरत होते आणि पहाटे कधीतरी कळलं, चूक कुठे आहे. कळलं तेव्हा आनंद झाला नाही. पोटात खड्डा पडला.

रिकामी फिरणारी मोटार तारेतून विजेचा प्रवाह ओढते, पण त्यातला बराचसा ती वापरत नाही. सेकंदाला शंभर वेळा ती ऊर्जा घेते आणि परत देते. शेजारीण वाटीभर साखर उसनी नेते आणि तशीच परत आणून देते, तसं. टॉन्ग टेस्टर दारातून जाणाऱ्या-येणाऱ्या वाट्या मोजतो. डब्यातली साखर किती कमी झाली, हे त्याला समजत नाही. चकतीच्या मीटरला मात्र समजतं. आम्ही एका बाजूला डबा मोजला होता आणि दुसऱ्या बाजूला वाट्या.

सकाळी मी दुकानात जाऊन तीन होल्डर एका फळीवर ठोकले आणि दोनशे-दोनशे वॅटचे तीन बल्ब लावले. बल्ब उसनं परत करत नाही, घेतलं ते जाळतो. पहिला बल्ब छान लागला. दुसरा लावला तसा पट्टा चिरकला आणि दोन्ही बल्ब पिवळे पडले. तिसऱ्याला मोटार घुमली, बिडाचं चाक मंदावू लागलं आणि तिन्ही बल्बांच्या तारा निखाऱ्यासारख्या लाल होऊन बसल्या. मी स्विच पाडला. चाक मात्र बराच वेळ फिरत राहिलं. तेवढा वेळ आम्ही दोघं त्याच्याकडेच बघत होतो.

"मग ते पाच अँपिअर खोटे?" मामांनी विचारलं.

"खोटे नाहीत मामा. ते जातात तसे परत येतात. वापरले जात नाहीत."

मी वाट बघत होतो, रागावतील, नाहीतर खचतील. ते उठले, मागच्या खोलीत गेले आणि धूळ झटकत एक जुनं मीटर घेऊन आले. "मग दोन्ही बाजूंना चकतीचंच मीटर लावायला पाहिजे होतं," असं म्हणून ते वायरी सोलायला बसले. तासाभरात दोन मीटरं शेजारी-शेजारी लागली. टेबलावर पुन्हा तीच रिकामी मोटार. घेणाऱ्या बाजूला मिनिटाला पंधरा फेरे. देणाऱ्या बाजूला पाच. मामांनी ते आकडेही कॅलेंडरच्या त्याच पानावर, आदल्या दिवशीच्या आकड्यांखाली लिहिले. आधीचे खोडले नाहीत.

गेली सतरा-अठरा वर्षं स्वस्त ऊर्जेच्या यंत्राची कुठलीही बातमी आली की मला ती दोन मीटरं दिसतात.

चाळीसगावपासून थोड्याच अंतरावर पाटणादेवी आहे. लहानपणी मामाच आम्हाला तिथे न्यायचे. पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची हकिकत आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला आणि १२०७ च्या सुमारास त्या मठाला दानं मिळाली, ती दगडावर कोरून ठेवली. लेख संस्कृतात आहे, शेवटचा देणग्यांचा भाग जुन्या मराठीत. ज्यांनी द्यायचं त्यांना समजेल अशा भाषेत. हा तपशील मला फार आवडतो.

त्याच भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीत, गोलाध्यायातल्या यंत्रांच्या प्रकरणात एक स्वयंवह यंत्र सांगितलं आहे. हलक्या लाकडाचं चाक घ्यावं, त्याला सारख्या अंतरावर पोकळ आरे बसवावेत, आरे पाऱ्याने अर्धे भरून तोंडं बंद करावीत आणि चाक आसावर ठेवावं. मग ते आपोआप फिरत राहील. कल्पना सुंदर आहे. एका बाजूचा पारा कडेकडे धावतो, दुसऱ्या बाजूचा आसाकडे, म्हणजे एक बाजू कायम जड. पण ज्या बाजूला पारा लांब जातो, त्या बाजूला पारा असलेले आरे कमी पडतात. लांबलेलं अंतर आणि घटलेली संख्या एकमेकांना बरोबर तोलतात. चाक थोडं डोलतं आणि थांबतं. पुढे तेराव्या शतकापासून युरोपातही अशीच एका बाजूला जड राहणारी चाकं लोकांनी काढली. शेवटी १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ठरवून टाकलं, अखंड फिरणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासायचे नाहीत.

हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "त्यांनी चाक बांधून पाहिलं होतं का?" ग्रंथात तसं काही नाही, म्हटलं. मामा बराच वेळ गप्प होते. भास्कराचार्यांबद्दलचा त्यांचा आदर तसूभर कमी झाला नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण आपण बांधून पाहिलं, ही गोष्ट त्यांच्यापाशी राहिली.

मग २०११ ची संक्रांत आली. मी पुण्यात नोकरीला लागलो होतो. १४ जानेवारीला इटलीतल्या बोलोन्यात आंद्रेआ रॉसी नावाच्या गृहस्थांनी एक नळीसारखं यंत्र दाखवलं. सोबत सेर्जिओ फोकार्दी हे बोलोन्या विद्यापीठाचे निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ. आत निकेलची भुकटी आणि हायड्रोजन. बाहेरून थोडी वीज द्यायची, आतून पाणी सोडायचं आणि पलीकडून वाफ घ्यायची. दिलेल्या विजेच्या कितीतरी पट, सुमारे १२ किलोवॅट उष्णता मिळते, असा दावा. नाव ठेवलं ई-कॅट. निकेलच्या अणूत हायड्रोजन शिरून त्याचं तांबं होतं, असं स्पष्टीकरण.

मी ते वाचलं आणि रात्री दीडपर्यंत जागा राहिलो. मला आशा वाटली. जोराची वाटली. मोटारीशेजारी उकिडवा बसलेला तो माणूस डोळ्यांसमोर आला. निकेल काही दुर्मीळ नाही, हायड्रोजन पाण्यात आहे. खरं असेल तर? सकाळी मामांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाफ कशाने मोजली?"

पुढची कितीतरी वर्षं जगभरचे जाणकार याच प्रश्नाभोवती फिरत राहिले. एक लिटर पाणी वीस अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ८० किलोकॅलरी लागतात. पण त्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला आणखी सुमारे ५४० लागतात. म्हणजे पाण्याचा शेवटचा थेंबही वाफ झाला, असं धरलं तर हिशोबात ६२० येतात. पाणी नुसतं उकळून, थोडी वाफ आणि बरंचसं गरम पाणी नळीतून बाहेर पडत असेल तर शंभरच्या आसपास. सहापट फरक आणि दोन्ही वेळा थर्मामीटर शंभरच दाखवणार. डोळ्यांनीही कळत नाही, कारण पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट फुगते. शंभरातले पाच भाग पाणी वाफ झालं तरी नळी वाफेनेच भरलेली दिसते. हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या यंत्राला वाफेबरोबर उडणारे थेंब दिसत नाहीत. यावर उपाय साधा आहे. ती नळी थंड पाण्याच्या पिंपात सोडायची, वाफ त्यात जिरवायची आणि पिंपातलं पाणी किती तापलं ते बघायचं. ज्याच्या घरात बंब आहे, त्याला हे सुचेल.

त्या वर्षी मार्चमध्ये स्वीडनचे दोन प्राध्यापक यंत्र बघायला गेले. त्यातले एक त्या देशातल्या संशयवाद्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. तेही प्रभावित होऊन परतले. वापरलेली भुकटी स्वीडनमध्ये उप्सालात तपासली तेव्हा तिच्यात तांबं सापडलं, पण त्यातल्या दोन समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण खाणीतल्या तांब्यासारखंच होतं. निकेलपासून नव्याने घडलेलं तांबं नेमकं त्याच प्रमाणात यावं, याला कारण दिसत नाही. मी ते वाचलं त्या दिवशी माझी आशा एक पायरी खाली उतरली. संपली नाही. कुठे काय मोजलं आणि कुठे मोजू दिलं नाही, हे मी तेव्हापासून वहीत लिहायला लागलो.

रॉसींच्या आधीची एक गोष्ट ठाऊक नसेल तर त्या दिवसांतली माझी घालमेल समजणार नाही. २३ मार्च १९८९ ला अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला मार्टिन फ्लायशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. काचेच्या भांड्यात जड पाणी, त्यात पॅलेडियमची कांडी, भोवती प्लॅटिनमची तार. वीज सोडली की पॅलेडियम हायड्रोजनचा जड भाऊ ड्यूटेरियम शोषून घेतं आणि आत अणू एकमेकांत मिसळतात, सूर्यात मिसळतात तसे, पण खोलीच्या तापमानाला. दुसऱ्याच दिवशी, मध्यरात्र उलटताच, अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं आणि समुद्र काळा झाला. एका बाजूला तेलात माखलेले पक्षी, दुसऱ्या बाजूला पाण्यातून अमर्याद ऊर्जा. लोकांनी विश्वास ठेवला यात मला नवल वाटत नाही. एप्रिलमध्ये डॅलसला हजारो रसायनशास्त्रज्ञांनी टाळ्यांचा कडकडाट केला. १ मे ला बाल्टिमोरला भौतिकशास्त्रज्ञांनी उलटतपासणी केली. भांड्यातलं पाणी ढवळलं होतं का? तापमान एकाच जागी मोजलं का? आणि इतकी उष्णता अणू मिसळून आली असेल तर बाहेर पडायला हवेत ते न्यूट्रॉन, अणूतले कण, कुठे आहेत? तेवढे न्यूट्रॉन निघाले असते तर भांड्याजवळ उभी असलेली माणसं जिवंत राहिली नसती.

याच गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तेव्हा पी. के. अय्यंगार संचालक होते. बातमी आल्याबरोबर त्यांनी तिथले अनेक गट कामाला लावले. जड पाणी, पॅलेडियम, न्यूट्रॉन मोजण्याची उत्तम साधनं आणि ती वापरणारे कसलेले हात, सगळं तिथे होतं. त्या वर्षीच्या एप्रिलपासूनच त्यांना न्यूट्रॉन आणि ट्रिटियम, हायड्रोजनचा आणखी जड भाऊ, सापडल्याच्या नोंदी आहेत आणि डिसेंबर १९८९ मध्ये सगळ्या गटांचं काम एका जाड अहवालात आलं. पण मिळालेला मेळ विचित्र होता. पुस्तकाप्रमाणे न्यूट्रॉन आणि ट्रिटियम साधारण बरोबरीने यायला हवेत. ट्रॉम्बेच्या नोंदींत ट्रिटियम न्यूट्रॉनांच्या कोटीच्या पटीत जास्त. त्यांनी तो न जुळणारा आकडा लपवला नाही, छापला. हवं तेव्हा तेच पुन्हा घडवून दाखवता येईना, हेही उघड होतं. नव्वदच्या दशकात ते काम हळूहळू थांबलं.

मला त्या अहवालाबद्दल माया वाटते. त्यातला निष्कर्ष टिकला नाही, तरीही. रॉसींच्या प्रात्यक्षिकानंतर महिन्याच्या आतच, फेब्रुवारी २०११ मध्ये, याच विषयाची जागतिक परिषद चेन्नईला भरली होती. ट्रॉम्बेतून निवृत्त झालेले महादेव श्रीनिवासन त्यात पुढे होते. बावीस वर्षं या माणसांनी तो प्रश्न उराशी धरला होता. पुढे गूगलने एक कोटी डॉलर आणि तीसेक संशोधक लावून हे प्रयोग पुन्हा केले. २०१९ मध्ये नेचर या नियतकालिकात त्यांनी लिहिलं, थंड संलयनाचा, म्हणजे खोलीच्या तापमानाला अणू मिसळण्याचा, पुरावा मिळाला नाही. सोबत त्यांनी कुठे काय करून पाहिलं तेही सगळं दिलं, म्हणजे पुढच्याला तिथून सुरू करता येईल. मला हे कॅलेंडरच्या त्या पानासारखं वाटतं.

तामिळनाडूत १९९६ मध्ये रामर पिल्लई यांनी झाडपाल्यापासून पेट्रोल केल्याचा दावा केला होता, तो अनेकांना आठवत असेल. देशभर कौतुक झालं, मोठमोठ्या संस्थांपुढे प्रयोग झाले, नंतर तपास झाला आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा सुनावली. त्यावर अधिक लिहिण्यासारखं माझ्यापाशी नाही. त्यांच्यावर विश्वास ठेवणारे लोक मूर्ख होते, हे मात्र मी कुणाला म्हणू देणार नाही. चुलीत ओलं लाकूड फुंकणाऱ्या बाईला त्या बातमीने वाटलेली आशा खरीच होती.

पुन्हा रॉसींकडे येतो. ऑक्टोबर २०११ मध्ये बोलोन्यात एका मोठ्या कंटेनरमध्ये कितीतरी ई-कॅट बसवून एक मेगावॅटचं संयंत्र म्हणून दाखवलं. शेजारी जनरेटर चालू होता आणि तो शेवटपर्यंत जोडलेलाच राहिला. ग्राहकाचं नाव गुप्त. मामांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "जनरेटर काढून ठेवायला काय हरकत होती?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडच्या लुगानोत ३२ दिवस चाचणी झाली. या वेळी पाणी नव्हतंच. तापलेल्या नळीचा उष्णतेच्या कॅमेऱ्याने फोटो काढून त्यावरून हिशोब केला. नळी ॲल्युमिना नावाच्या सिरॅमिकची. ॲल्युमिना किती उष्णता फेकतं याचा आकडा कॅमेऱ्यात चुकीचा भरला तर तापमान शेकडो अंशांनी चुकतं, असा आक्षेप लगेच आला. कॅमेरा बाजूला ठेवून नळी पाण्याच्या भांड्यात का घातली नाही? मला इथे खरोखर वाईट वाटलं. कारण पैसे उभे राहिले होते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या इंडस्ट्रियल हीट कंपनीने रॉसींना १ कोटी १५ लाख डॉलर दिले होते. वर्षभराची चाचणी यशस्वी झाली तर आणखी ८ कोटी ९० लाख द्यायचे, असा करार होता. चाचणी फ्लोरिडात डोरल इथे झाली. कंपनीने उरलेले पैसे दिले नाहीत, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये रॉसींनी दावा लावला. कंपनीचं म्हणणं, आम्हाला स्वतःला हे यंत्र चालवून जास्तीची उष्णता मिळाली नाही. आणि जी कंपनी वाफेची ग्राहक म्हणून दाखवली, ती रॉसींच्याच वकिलाच्या नावावर आहे, असंही कंपनीने कोर्टात मांडलं. जुलै २०१७ मध्ये खटला उभा राहता राहताच दोघांनी तडजोड केली. त्यामुळे यंत्र चालतं की नाही, याचा निवाडा कोर्टातही झाला नाही. आजपर्यंत कुणी त्रयस्थाने दोन्ही बाजूंना आपली मीटरं लावून तपासलेला ई-कॅट बाजारात आलेला नाही.

या सगळ्या वर्षांत मी सुट्टीला गेलो की मामा विचारायचे, "भाचा, त्या इटलीवालानं काय व्हयनं रे?" घरात अहिराणी बोलताना त्यांचा आवाज मऊ होतो. मी सांगायचो. ते ऐकायचे आणि मान हलवायचे. त्या मानेत नाराजी असायची, पण ती रॉसींवर नसायची. एकदा म्हणाले, आपल्या दुकानात आपण दोन मीटरं लावली, त्याला एक तास लागला आणि सहा वर्षं ते लोक एक पिंप आणत नाहीत. मला वाटतं, ज्याला गरज असते तो मोजायला घाबरत नाही, कारण खोट्या यंत्रावर त्याची विहीर चालणार नसते. नाव, भांडवल, खटला असं दुसरं काही हाताशी आलं की मोजणं पुढे ढकलता येतं. शंका घेणारे आशेचे वैरी आहेत, हे मला कधीच पटलं नाही. आमच्या घरात दोन्ही एकाच माणसापाशी होत्या.

याच वर्षांत दुसरीकडे काहीतरी घडत होतं आणि मी त्याच्याकडे पुरेसं लक्ष दिलं नाही, याची मला खंत आहे. मी रात्री जागून बोलोन्याच्या बातम्या वाचत होतो तेव्हा आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात शिवाजीनगरला माळरानावर काचा लागत होत्या. १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प, २०१३ मध्ये चालू झाला. मामांकडे जाताना एकदा मुद्दाम वाट वाकडी करून मी तो पाहिला. आवाज नाही, धूर नाही, हलणारं काही नाही. नुसत्या ओळी. तेव्हा सौर वीज महाग होती. देशातल्या पहिल्या मोठ्या लिलावांत, २०१० च्या सुमारास, युनिटला दहा रुपयांच्या वर भाव होते. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका लिलावात तो १ रुपया ९९ पैशांवर आला.

हे कुणा एकाने एका दिवशी दाखवलेलं यंत्र नव्हे. १९५४ मध्ये अमेरिकेत बेल लॅबोरेटरीने सिलिकॉनची पहिली उपयोगी सौर घटमाळ दाखवली. पडलेल्या उन्हातला साधारण सहा टक्के भाग तिने विजेत बदलला. त्या दिवशी पत्रकारांपुढे त्या विजेवर खेळण्यातला एक छोटा आकाशपाळणा फिरवला होता. आपोआप फिरणारं चाक! पाटणच्या दगडासमोर उभं राहून मी हे मामांना सांगितलं होतं. भास्कराचार्यांचं चाक फिरलं नाही, कारण त्याला बाहेरून काही मिळत नव्हतं. या चाकावर ऊन पडत होतं. सहा टक्क्यांचे वीसवर टक्के व्हायला साठ-सत्तर वर्षं गेली. त्यात भट्ट्या, करवती, रसायनं, कारखाने आणि लाखो माणसांची मजुरी आहे. प्रत्येक टक्का कुणीतरी दुसऱ्याच प्रयोगशाळेत जाऊन पुन्हा मोजून घेतलेला आहे.

आता मामा अडुसष्ट वर्षांचे आहेत. दुकान मुलगा बघतो. मोटारी जळणं कमी झालंय, त्यामुळे कामही कमी झालंय. मामांना त्याचं दुःख नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांनी दहा टक्के रक्कम भरून सरकारी योजनेतून विहिरीवर तीन एचपीचा सौर पंप बसवून घेतला. बसवणारी पोरं पंप चालू करून, फोटो काढून निघाली तेव्हा मामांनी त्यांना थांबवलं. गोठ्यामागून दोनशे लिटरचा पत्र्याचा ड्रम लोळवत आणला, पाइपाखाली उभा केला आणि मनगटावरचं घड्याळ काढलं. पोरांना घाई होती. मामांना नव्हती. ड्रम भरायला बासष्ट सेकंद लागले. त्यांनी पोरांच्या कागदावर सही केली आणि चहा पाजूनच सोडलं.

गेल्या श्रावणात मी शेतावर गेलो होतो. आभाळ भरून आलेलं, पंप कसाबसा चालत होता. बिडाचं ते जुनं चाक बांधावर आडवं टाकलेलं आहे, त्यावर बसून मामा घड्याळ बघत होते. पाइपाची धार बोटाएवढी झालेली. ड्रम भरून वाहायला लागला तसे ते उठले, खिशातून वही काढली. वहीत रकाने पाडलेले आहेत, तारीख, वेळ, ऊन कसं, सेकंद. मी वाकून पाहिलं. उन्हाळ्यातल्या दुपारी साठ, एकसष्ट, साठ. त्याखाली आजच्या तारखेला मामांनी लिहिलं, ढगाळ, तीनशे चाळीस. पेन्सिल कानामागे खोचली आणि ड्रम कलंडून पाणी केळीच्या सरीत सोडून दिलं.